दिवा का मालवलात?

बाकीचे बसा. तुम्ही चौघं उभेच राहा.

वह्या काढू नका. तास विज्ञानाचाच आहे, पण आजचा धडा पुस्तकातला नाही. आणि मागच्या बाकांवर खुसखुस नको. तो व्हिडिओ पुढे ढकलणाऱ्यांनी उभं राहा म्हटलं तर अर्धा वर्ग उभा राहील, हे मला ठाऊक आहे.

मंगळवारी रात्री माझ्या जावेनं मला तो पाठवला. ती राहते नाशकात. म्हणजे आपल्या गावातलं भूत आपल्याला दिसायच्या आधी नाशिक फिरून आलं. अकरा मिनिटांचा व्हिडिओ. सुरुवातीला काळ्या पडद्यावर लाल अक्षरं, त्यातून रक्त ठिबकतंय: ‘सत्य घटना’. मग पडकं कौलारू घर, हिरवट उजेड आणि धापा टाकणारे चार आवाज. ते आवाज मी जूनपासून रोज ऐकते आहे, त्यामुळे ओळखायला यंत्र लागलं नाही. ‘गाइज, इथे नेगेटिव्ह एनर्जी खूप स्ट्राँग आहे.’ गाइज! वर्गात ऊर्जेचं एकक विचारलं की ज्याच्या तोंडून अवाक्षर निघत नाही, त्याला तिथे अंधारात ऊर्जेचं चिन्हसुद्धा कळलं. ऋण म्हणे!

एक गोष्ट आधी स्पष्ट करते. तुम्ही रात्री पडक्या घरात गेलात म्हणून मी चिडलेले नाही. त्यासाठी तुमचे वडील आहेत, विंचू आहेत, आणि डोक्यावर पडायला टपलेली कौलं आहेत. तुम्ही भुताला घाबरता म्हणूनही मी चिडलेले नाही. माझं आजोळ कोकणातलं. मुंजा, हडळ, खविस, समंध, देवचार, सगळ्यांची आणि माझी लहानपणापासून ओळख आहे. कोण पिंपळावर राहतो, कोण पाणवठ्यावर भेटतो, कुणाला कोंबडं लागतं आणि कोण नुसत्या विडीवर खूश होतो, हे आजीनं इतकं तपशीलवार सांगितलंय की त्यांची शिधापत्रिका करता येईल. पण आजीच्या गोष्टीत भूत असायचं, यंत्र नसायचं. ‘हे सिद्ध झालेलं आहे’ असं ती कधीच म्हणाली नाही. तिची गोष्ट कंदिलाच्या उजेडात सुरू व्हायची आणि ‘चला, निजा आता’ म्हणून संपायची.

मी चिडलेय ती तुम्ही माझा धंदा चोरलात म्हणून. मोजणं, नोंदवणं, पडताळणं हा आमचा धंदा. त्याचं नाटक केलंत. माझ्या प्रयोगशाळेचं सोंग घेऊन तुम्ही एका म्हातारीच्या घरात शिरलात. म्हातारीकडे नंतर येते. आधी हे सोंग उतरवू.

पाचव्या मिनिटाला तिसऱ्या बाकावरचे हे साहेब मोबाइल नाचवत म्हणतात, ‘रीडिंग बघा, एकशे साठ! इथे कुणीतरी आहे.’ कसलं रीडिंग? एकक काय? आधी किती होतं? बाहेर अंगणात किती? दिवसा किती? पाच प्रश्न, आणि उत्तर एकाचंही नाही. ते ‘घोस्ट डिटेक्टर’ म्हणजे काय ते ऐका. तुमच्या फोनमध्ये होकायंत्रासाठी एक चिमुकला भाग बसवलेला असतो. नकाशावरचा बाण वळतो तो त्याच्या जोरावर. तो चुंबकीय क्षेत्र मोजतो, मायक्रोटेस्लामध्ये. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र आपल्याकडे ४० च्या आसपास भरतं. लोखंड जवळ आलं की आकडा बदलतो. ते ॲप हाच आकडा घेतं, त्याला लाल दिवे आणि कवटी चिकटवतं आणि मध्ये मध्ये जाहिराती दाखवून कमाई करतं.

बुधवारी मी तेच ॲप माझ्या फोनवर उतरवलं. प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटाजवळ एक भूत निघालं. माझ्या स्कूटीच्या हँडलपाशी दुसरं. प्रार्थनेच्या ध्वनिक्षेपकाजवळ तर आकडा असा उसळला, की रोज सकाळी आपल्यासमोर साक्षात वेताळाची पालखी उभी असते म्हणायची. कर्ण्याच्या आत चुंबक असतं, सातवीत शिकवलंय. काल दुपारी लख्ख उन्हात मी त्या घरात गेले. तुम्ही जिथे किंचाळलात तिथे खिडकीला लोखंडी गज आहेत आणि खाली गंजकी ट्रंक आहे. एकशे साठ, अगदी बरोबर. तिथे कुणीतरी आहे हे खरंच. ट्रंक आहे.

हे तुमच्या डोक्यातून आलेलं नाही, एवढं मला कळतं. एवढी कल्पकता असती तर विज्ञान प्रदर्शनात चौघांनी मिळून एकच ज्वालामुखी केला नसता. हे आलंय पडद्यावरून.

पडद्यावर भुतं पूर्वीही होती. १९९३ मध्ये झी टीव्हीवर रामसे बंधूंचा हॉरर शो सुरू झाला, १९९५ मध्ये सोनीवर ‘आहट’. मीही उशीत तोंड खुपसून पाहिलेत. दार करकरायचं, पांढरी साडी यायची, मांजर ओरडायचं. पण नट नट होते आणि नाटक नाटक होतं. वारं फिरलं २००० नंतर. इंग्लंडमध्ये २००२ साली ‘मोस्ट हॉन्टेड’ आलं, अमेरिकेत २००४ साली ‘घोस्ट हंटर्स’. त्यातले मुख्य दोघे दिवसा नळदुरुस्तीचं काम करणारे. नळवाल्याला मी कमी लेखत नाही. रात्री भिंतीतून ठकठक का येते हे तोच सगळ्यांत चांगलं सांगेल, आणि या दोघांनी पुष्कळदा सांगितलंही. पण ‘पाइप वाजत होता’ एवढ्यावर किती भाग निघणार? आपल्याकडे २०१२ मध्ये ‘फिअर फाइल्स’ आली. नाट्यरूपांतरंच ती, पण नावाला शेपूट काय जोडलं? ‘डर की सच्ची तस्वीरें’. त्या ‘सच्ची’कडे नीट बघा. सगळी चोरी त्या एका शब्दात आहे.

आणि मग या मंडळींची ती अवजारांची पेटी. एकेक काढून तुमच्यासमोर ठेवते.

विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजणारा तो दिवेवाला मीटर. हा घरातली वायरिंग, उपकरणं तपासायला वापरतात. जुन्या वाड्यात वायरी उघड्या, अर्थिंग नाही. तिथे मीटर पेटला तर मांत्रिकाला नाही, वायरमनला बोलवायचं. तापमान मोजायचं पिस्तूल: ‘अचानक थंडी पडली’ म्हणून ते रोखतात. करोनात प्रत्येक दुकानाच्या दारात तुमच्या कपाळावर रोखलं जायचं ना, त्याच जातीचं. ते समोरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगतं, मधल्या हवेचं नाही. म्हणजे हे भिंतीचा ताप बघतात आणि आत्म्याची थंडी जाहीर करतात. फोटोतले तरंगते पांढरे गोळे ही भिंगाजवळची धूळ आहे, फ्लॅशच्या उजेडात चमकलेली. आठ वर्षं बंद असलेल्या घरात धूळ सापडली, याबद्दल तुमचा सत्कार करू का?

आता आवाज. हा भाग जरा सावकाश ऐका, कारण यात तुम्ही सर्वांत मोठं पाप केलंय आणि ते तुम्हाला अजून कळलेलं नाही.

व्हिडिओत सातव्या मिनिटाला खरखर येते, मध्येच एक लांब फाटका आवाज, आणि पडद्यावर अक्षरं उमटतात: ‘आई गं...’ पुढे तीनदा तोच तुकडा, हळू करून. शांतता असली की फोनचा रेकॉर्डर आपोआप आपली ग्रहणशक्ती वाढवतो. मग एरवी कानाला न जाणवणारी घरघर, दूरचा ट्रक, तुमच्याच सदऱ्याची सळसळ, सगळं मोठं होऊन येतं. त्या गोंधळात शब्द शोधायचं काम तुमचा मेंदू करतो, आणि कुठला शब्द शोधायचा हे पडद्यावरची अक्षरं त्याला आधीच सांगून ठेवतात. ही युक्ती तुम्ही टीव्हीवरून उचललीत. बुधवारी व्हिडिओ न पाहिलेल्या पाचवीच्या वर्गात मी फक्त आवाज ऐकवला आणि ऐकू येईल ते लिहा म्हटलं. एकानं ‘आणि का’ लिहिलं, एकीनं ‘गाडी’, तिघांनी ‘मांजर’, बाकीच्यांनी कोरं ठेवलं. ‘आई’ एकानंही लिहिलं नाही. मग मी फळ्यावर ‘आई गं’ लिहिलं आणि तोच तुकडा पुन्हा लावला. सगळा वर्ग ओरडला, ‘हो बाई, आई गं!’ तो आत्मा खडूनं आणला होता मी.

आणि तो फाटका आवाज? माळ्यावर गव्हाणी घुबड राहतं. खाली जमिनीवर उंदरांची हाडं आणि केस असलेले त्याचे गोळे पडलेत. दोन मी बरणीत घालून आणलेत, मधल्या सुट्टीत सर्वांनी बघायचे. तुम्ही त्या गोळ्यांवरून चालत गेलात. चौघंही. एकाच्याही टॉर्चचा उजेड खाली पडला नाही, कारण टॉर्च तुम्ही विझवला होता.

हाच माझा मुख्य प्रश्न. दिवा का मालवलात? घरात सुई हरवली तर आई दिवा लावते की घालवते? शोधायला निघालेला माणूस उजेड वाढवतो. टीव्हीवरचा प्रत्येक भूतशोधक वाड्यात शिरला की आधी दिवे बंद करायला लावतो, रात्रीच जातो, हिरव्या उजेडाचा कॅमेरा लावतो. कारण त्याला शोधायचं नसतं. त्याला सापडायला नको असतं. उजेडात ट्रंक दिसते, घुबड दिसतं, आणि भाग तिथेच संपतो.

तुम्ही रात्री नऊ ते बारा तिथे होतात. व्हिडिओ अकरा मिनिटांचा. उरलेला वेळ कुठे गेला? त्यात काही घडलं नाही म्हणून कापलात. मागच्या महिन्यात लंबकाच्या प्रयोगात याच दुसऱ्या महाशयांनी न जुळणारी तीन रीडिंग खोडली होती आणि मी पान फाडलं होतं, आठवतंय? टीव्हीवाले रात्रभराच्या कंटाळ्यातली सगळी न जुळणारी रीडिंग खोडतात आणि राहिलेल्या पाऊण तासाला शोध म्हणतात.

त्यांच्या घरच्यांनाही हे माहीत असतं. ‘मोस्ट हॉन्टेड’मध्ये सियारन ओ’कीफ नावाचे परामानसशास्त्रज्ञ सल्लागार होते. कार्यक्रमात आत्मे अंगात घेणाऱ्या ‘माध्यमा’ला, डेरेक अकोराला, माहिती कुठून मिळते याचा त्यांना संशय आला. त्यांनी एक मेलेला तुरुंगाधिकारी बनवला, मनानंच, आणि त्याचं नाव हळूच कानावर जाऊ दिलं: क्रीड केफर. चित्रीकरणाच्या वेळी तो क्रीड केफर अकोराच्या अंगात आला. त्या नावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट लावली की ‘डेरेक फेकर’ होतं, म्हणजे लबाड डेरेक. २००५ मध्ये ओ’कीफ यांनी हे वर्तमानपत्रात सांगितलं. त्याच वर्षी तिथल्या प्रसारण नियामकानं, ऑफकॉमनं, तक्रारींवर निकाल दिला: हा कार्यक्रम मनोरंजनात मोडतो, रास्त तपास म्हणावा असं त्यात काही नाही. वाहिनी वाचली. प्रेक्षकांपैकी किती जणांनी तो निकाल वाचला असेल?

आपल्याकडेही नियम आहे. केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमांत लिहिलंय, की अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवू नये. त्यावर उपाय म्हणून सुरुवातीला दोन सेकंद मुंगीएवढ्या अक्षरांत पाटी येते. तुमच्या व्हिडिओत तर तीही नव्हती. तेवढी लाज तरी वाहिन्यांना आहे.

आता म्हणाल, लोक काय टीव्ही बघून भुतं मानायला लागले? आधीपासून मानतातच की. बरोबर. मी आकडे वाकवणार नाही, नाहीतर तुमच्यात आणि माझ्यात फरक काय? अमेरिकेत गॅलप ही संस्था लोकांना विचारते. मेलेल्यांचे आत्मे परत येतात असं मानणारे १९९० मध्ये शंभरातले २५ होते, २००१ मध्ये ३८ झाले आणि २००५ मध्ये ३२ वर आले. म्हणजे मोठी वाढ या भूतशोधकांच्या लाटेच्या आधीच झालेली. लोकांना भुतं या कार्यक्रमांनी दिली, असा आरोप मी करत नाही. माझा आरोप वेगळा आहे. कशाला पुरावा म्हणायचं, हे त्यांनी लोकांच्या मनात बिघडवलं. डेलावेअर विद्यापीठातल्या पॉल ब्रूअर यांनी २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. भूतशोधकाविषयीचा मजकूर लोकांना वाचायला दिला. त्यात यंत्रं आणि शास्त्रीय वाटणारे शब्द पेरले, तर लोकांना तो शोधक अधिक विश्वासार्ह वाटला. तोच शोधक, तोच भोपळा हातात, पण मीटर धरला की वजन वाढलं. माझ्या आजीला जे वजन तिच्या सुरकुत्यांमुळे मिळायचं, ते यांना चार दिव्यांच्या डबीनं मिळतं. आणि वजन माझ्या विषयाचं खर्च होतं!

रूपाची ताकद किती असते बघा. १९९२ मध्ये ३१ ऑक्टोबरला बीबीसीनं ‘घोस्टवॉच’ नावाचं नाटक दाखवलं. आधीच चित्रित केलेलं, लेखकाचं नाव दिलेलं. पण मांडणी थेट प्रक्षेपणाची, आणि सूत्रधार मायकल पार्किन्सनसारखा घराघरात ओळखीचा माणूस. असंख्य लोकांनी ते खरं धरलं. पुढे १९९४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉक्टरांनी दहा वर्षांच्या दोन मुलांची हकिगत छापली, कार्यक्रमानंतर मानसिक आघाताची लक्षणं दिसणाऱ्या. बीबीसीनं तो कार्यक्रम तिकडे पुन्हा कधी दाखवला नाही. तुमचा व्हिडिओ सहावीतल्या मुलींनी पाहिलाय. त्यातल्या एकीची आई काल मला भेटली. मुलगी चार दिवस एकटी परसात जात नाही.

आणि आपली सहल आठवते? डिसेंबरात शनिवारवाड्यात उभे होतो. दिल्ली दरवाजा, १७३२ मध्ये उभा राहिलेला वाडा, १८२८ च्या आगीत आतलं सगळं जळून गेलं आणि जोती तेवढी उरली, हे मी घसा फोडून सांगत होते. तुमचा प्रश्न एकच: ‘बाई, अमावस्येला आवाज कुठून येतो?’ कारण इंटरनेटवरच्या ‘भारतातल्या दहा झपाटलेल्या जागां’त तुम्ही तो पाहिला होता. त्याच यादीत भानगढही असतो, राजस्थानातला, पुरातत्त्व खात्याच्या पाटीसकट. पाटीवर लिहिलंय, की सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी आत येऊ नये. भुताचा उल्लेखही नाही. पण निवेदक कुजबुजतो, ‘सरकारनेसुद्धा मान्य केलंय.’ उद्या शाळेच्या फाटकावर ‘साडेपाचनंतर प्रवेश बंद’ लिहिलंय म्हणून माझीच हडळ कराल.

१७७३ च्या ३० ऑगस्टला त्या वाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. अठरा वर्षांचा मुलगा, तुमच्या मोठ्या भावाच्या वयाचा. त्याची किंकाळी तुम्हाला पाठ आहे. पण त्या खुनाचा तपास कुणी केला? कुणी? ... बघा, एकही हात नाही. रामशास्त्री प्रभुणे. चौकशी केली, गारद्यांच्या मागे कोण आहे हे धुंडाळलं, आणि ज्याच्या हाती सत्ता होती त्या राघोबादादालाच दोषी ठरवून पद सोडून निघून गेले. याला शोध म्हणतात. खुनाची गोष्ट सांगताना आपण खून झालेला मुलगा ठेवला, किंकाळी ठेवली, अमावस्या नवीन आणली, आणि न्यायाधीश गाळला. अडीचशे वर्षांत हे आपण कमावलं.

त्याच वाड्यापासून पायी काही मिनिटांवर ओंकारेश्वराजवळचा पूल आहे. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना तिथे गोळ्या घातल्या. त्यांच्या मागणीचा जादूटोणाविरोधी कायदा वर्षानुवर्षं रखडला होता. खुनानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. २०२४ च्या मे महिन्यात न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली. सहलीची बस त्याच परिसरातून गेली. तुम्ही खिडकीतून भुताचा वाडा शोधत होतात.

दाभोलकरांचं नाव मी उगाच घेतलं नाही. तुम्हाला भुतामागे जायचंच असेल, तर ते काम या महाराष्ट्रात वर्षानुवर्षं झालेलं आहे, आणि कॅमेऱ्याशिवाय. गावात भानामती सुरू झाली, घरावर दगड पडायला लागले, दोरीवरचे कपडे पेटायला लागले, की अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते एसटीनं तिथे जायचे. घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोलायचे. कधी, कुठे, कोण घरात असताना घडतं, याची नोंद करायचे. बहुतेक वेळा दगड मारणारा हात घरातल्याच कुणाचा निघायचा. छळ सोसणारी सून, किंवा ज्याचं कुणी ऐकत नाही असं पोर. आणि मग हे लोक काय करायचे? त्या माणसाशी बोलायचे, त्याचं दुःख समजून घ्यायचे, प्रकार थांबवायचे, आणि नाव गावाला सांगायचे नाहीत. उभा जन्म जळत आलेल्या त्या बाईला पुन्हा चौकात उभी करायची नाही, म्हणून.

शोधाची हीच खूण. सापडल्यावर ते नाव लपवत होते. तुम्हाला काही सापडलंही नाही, आणि नाव मात्र तुम्ही जाहीर केलंत. आळीचं नाव, घराचा क्रमांक, वर ‘इथे एका तरुणाचा गूढ मृत्यू झाला होता’.

गूढ! त्या घरातला मुलगा आठ वर्षांपूर्वी कावीळ होऊन गेला. तालुक्याच्या दवाखान्यातून जिल्ह्याला नेईपर्यंत उशीर झाला. त्यात गूढ काही नाही, आपल्याकडे जसं होतं तसं झालं. तो याच शाळेत होता. माझ्या वर्गात, खिडकीजवळच्या त्या बाकावर. भूमितीत कच्चा होता आणि चित्रं फार सुंदर काढायचा. तेव्हापासून त्याची आई, म्हणजे त्या म्हाताऱ्या आजी, पुढच्या आळीत लेकीकडे राहतात. भाड्यानं द्यायला यंदा मागची भिंत बांधायची होती त्यांना. एक कुटुंब बघूनही गेलं होतं. बुधवारी त्यांचा निरोप आला, नको म्हणून.

थांबा, रडू नका. ऐकून घ्या.

काल मी त्या घराची किल्ली मागायला गेले. आजी ओसरीवर बसल्या होत्या. मला वाटलं, आता शाळेचा उद्धार करतील, शिव्या देतील, मीही खाल्ल्या असत्या. त्यांनी तुमच्याबद्दल एक शब्द काढला नाही. मला जवळ बसवलं आणि हळू आवाजात विचारलं, ‘बाई, त्या फोनमध्ये माझ्या पोराचा आवाज आलाय म्हणतात. आई म्हणून हाक मारलीय त्यानं. नात दाखवत नाही मला, रागावते. तुम्ही ऐकवाल का?’

एकतीस वर्षं शिकवते आहे मी. मुलांच्या, पालकांच्या, शिक्षणाधिकाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. काल मला उत्तर देता आलं नाही. घुबड आहे म्हणून सांगू? त्यांच्या डोळ्यांत जे दिसत होतं ते बघून माझी जीभ वळली नाही. म्हटलं, फोन घरी राहिलाय. खोटं बोलले. विज्ञानाच्या शिक्षिकेला तुम्ही खोटं बोलायला लावलंत.

टीव्हीवरच्या त्या भूतशोधकांना कधी अशा ओसरीवर बसावं लागत नाही. वाड्याचं चित्रीकरण झालं की गाडी पुढच्या गावाला. मागे कुणाचं घर पडून राहतं, कुणाच्या विहिरीवर लोक यायचे थांबतात, कुठल्या एकट्या बाईकडे गाव वाकड्या नजरेनं बघायला लागतं, ते पुढच्या भागात येत नाही. सातपुड्यात बाईला डाकीण ठरवतात तेव्हा सुरुवात कुजबुजीनंच होते. तिथे कुजबुज घरोघर पायी जायला वेळ लागायचा. तुमची एका रात्रीत नाशिकला पोचली.

आणि दारात उभे आहात ते पालक, आत या. ‘बाई, पोरांची हौस हो, चार हजार लोकांनी पाहिलं’ असं काल तुम्ही मला फोनवर म्हणालात. कौतुकानं म्हणालात. मुलानं चार हजार लोकांसमोर खोटी प्रयोगवही वाचून दाखवली, तर त्यात कौतुक कसलं? रात्री जेवताना घरात कुठल्या वाहिन्या लागतात, ते मी विचारत नाही. तुमचं तुम्हाला ठाऊक आहे.

आता मी सांगते ते करायचं. व्हिडिओ आज संध्याकाळपर्यंत खाली उतरवायचा. पुढे गेलेले परत येणार नाहीत, ते मला कळतं. म्हणून दुसरा करायचा. त्याच घरात, दुपारी, सगळ्या खिडक्या उघड्या. आकडा अंगणात किती, गजाजवळ किती, ट्रंक हलवल्यावर किती, एककासकट. प्रत्येक रीडिंग, न जुळणारंसुद्धा. घुबडाचे गोळे दाखवायचे, घुबडाला त्रास न देता. घराचा क्रमांक नाही, आजींचं नाव नाही. खाली चौघांची नावं, आणि आधीचा व्हिडिओ आम्हीच केला होता, तो खोटा होता, हे पहिल्या वाक्यात.

पण ते परवा. उद्या शनिवार, सकाळची शाळा. साडेअकराला सुटली की चौघंही माझ्याबरोबर आजींकडे येणार आहात. त्या तुम्हालाही तोच प्रश्न विचारतील. उत्तर मी देणार नाही, तुम्ही द्यायचं आहे. काय सांगायचं, कसं सांगायचं, ते आज रात्री ठरवा. मी एक शब्दही सुचवणार नाही, मला सुचलेलाच नाही.

बसा.